आयव्हीएफ सुरू करताय? आधी आकड्यांची तयारी ठेवा

मी सांगलीत एका सीएंच्या ऑफिसात जीएसटीची कामं बघते. आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) केल्याचं फार लपवलं नाही, त्यामुळे हल्ली ओळखीपाळखीतल्या मुलींचे मेसेज येतात. 'ताई, खूप दुखतं का हो?' पहिला प्रश्न नेहमी हाच. दुखतं, पण निभतं. मला जास्त जड गेलं ते रोज कमी होत जाणाऱ्या आकड्यांचं, आणि ते आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं.

सुरुवात तपासण्यांपासून. तुमची एएमएच (अंडाशयात बीजांचा साठा किती आहे याची रक्ततपासणी), थायरॉइड, प्रोलॅक्टिन, पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची सोनोग्राफी. दोघांची एचआयव्ही, हिपॅटायटिस वगैरे. आणि नवऱ्याची वीर्यतपासणी. ही शेवटची सगळ्यात स्वस्त आणि सोपी, तरी आपल्याकडे बाईच्या नळ्या तपासून होतात, दोन-तीन नवस बोलून होतात, आणि मग कधीतरी या तपासणीचा नंबर लागतो. तुमच्याकडे तसं झालं असेल तर आधी तो रिपोर्ट करून घ्या. आणि एएमएच कमी आली म्हणून रडत बसू नका. त्यावरून बीजं साधारण किती मिळतील याचा अंदाज येतो, ती चांगली निघतील की नाही हे कळत नाही. तिथे वय जास्त बोलतं.

मग सह्या. दोघांची आधार कार्डं, लग्नाचा दाखला, फोटो आणि संमतीपत्रांचा गठ्ठा. 2021 च्या कायद्याने बाईचं वय 21 ते 50 आणि पुरुषाचं 21 ते 55 असावं लागतं, आणि गोठवलेले भ्रूण जास्तीत जास्त 10 वर्षं ठेवता येतात. दोघांपैकी एकाचं काही बरंवाईट झालं तर त्या भ्रूणांचं काय करायचं, हेही तिथेच लिहून द्यावं लागतं. काउंटरवर उभ्या उभ्या याचं उत्तर सुचत नाही, म्हणून फॉर्म आदल्या दिवशी घरी मागून आणा. आणि 'एवढा खर्च करताय तर मुलगाच करून घ्या' असं सुचवणाऱ्या आत्याबाईंना सांगा, तो गुन्हा आहे.

खर्चाबद्दल मी फी नाही सांगत, प्रश्न सांगते. पॅकेजमध्ये इंजेक्शनं धरली आहेत का? भूल, इक्सी (एकेका बीजात एकच शुक्राणू सुईने सोडणं), भ्रूण गोठवणं, गोठवलेल्याचं ट्रान्सफर (म्हणजे तो गर्भाशयात सोडणं), दरवर्षीचं साठवणुकीचं भाडं? इंजेक्शनांचा डोस प्रत्येकीचा वेगळा, त्यामुळे बिल तिथेच फुगतं. बहुतेक मेडिक्लेममध्ये हे बसत नाही, पॉलिसी एकदा उघडून बघाच.

इंजेक्शनं पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सुरू होतात, म्हणजे तारीख आपल्या हातात नाही. माझी नेमकी 20 तारखेच्या रिटर्नच्या तोंडावर आली. साधारण 9 ते 12 दिवस रोज ठरलेल्या वेळी पोटावर टोचायचं. पेनचं इंजेक्शन सोपं: आकडा फिरवायचा, टकटक आवाज येतो, पोटाची चिमूट धरायची, दाबून दहापर्यंत मोजायचं. पावडरचं मात्र पाण्यात मिसळून, सिरिंजला टिचक्या मारून बुडबुडे घालवावे लागतात. ते काम नवऱ्याने घेतलं. सुरुवातीला त्याचाच हात माझ्यापेक्षा जास्त थरथरायचा. बीजं वेळेआधी फुटू नयेत म्हणून मधूनच एक दुसरं इंजेक्शन जोडतात, त्याने टोचल्या जागी लाल गांधी उठून खाज सुटते. थोड्या वेळाने जाते. जी औषधं 2 ते 8 अंशांत ठेवायची असतात ती फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरला चिकटवून अजिबात नाही. आमच्याकडे सासूबाईंनी तो कप्पा रिकामा करून दिला आणि लोणच्याची बरणी खाली हलवली. विचारलं काहीच नाही.

दर दोन-तीन दिवसांनी सकाळी सोनोग्राफी. फॉलिकल्स (बीजं वाढतात त्या अंडाशयातल्या पिशव्या) 17-18 मिलिमीटरच्या झाल्या की ट्रिगर, म्हणजे बीजं पिकवणारं शेवटचं इंजेक्शन, तेही घड्याळ लावून, कारण त्यानंतर 34 ते 36 तासांनी बीजं काढायची असतात. पिकअप भूल देऊन होतो, वीस मिनिटांच्या आसपास. पुढचे दोन दिवस पोट डब्ब. पण वजन झपाट्याने वाढलं, लघवी कमी झाली, धाप लागली तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

आणि इथून माझे ते आकडे. समजा 12 बीजं निघाली. सगळीकडून अभिनंदन! त्यातली परिपक्व 9-10. दुसऱ्या दिवशी लॅबचा फोन येतो: फलित झाली 6-7. पाचव्या-सहाव्या दिवशी ब्लास्टोसिस्टपर्यंत (गर्भाशयात सोडण्याइतका वाढलेला भ्रूण) पोचतात 2-3. कुणाचा एकच, कुणाचा एकही नाही. ही गळती नैसर्गिक आहे, शरीरातही होतेच, फक्त तिथे कुणी फोन करून सांगत नाही. मला हे आधी माहीत असतं तर पहिला आकडा आईला मोठ्या आवाजात कळवला नसता, आणि मग रोज तिचा 'आता किती राहिले?' हा फोनही आला नसता. घरात बातमी कोण देणार आणि केव्हा, हे दोघांनी आधीच ठरवून ठेवा.

ट्रान्सफर त्यामानाने किरकोळ. भूल नाही, लघवी मात्र दाबून ठेवायची. मिरज रस्त्यावरचे स्पीडब्रेकर मला त्या दिवशी एकूण एक पाठ झाले. पडद्यावर पांढरा ठिपका दिसतो तो बाळ नव्हे, भ्रूणासोबत सोडलेला हवेचा बुडबुडा. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा मी आधीच डोळे पुसत होते! घरी येऊन पडून राहायची गरज नसते, त्याने यश वाढत नाही. जिना चढला, शिंक आली, म्हणून काही निसटत नाही.

मग बीटाच्या (दिवस राहिले का हे सांगणारी रक्ततपासणी) रिपोर्टपर्यंत दीड-दोन आठवडे. या दिवसांत छाती दुखते, पोट जड होतं, झोप येते, पण हे सगळं प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनीही होतं. लक्षणं गूगल करण्यात अर्थ नाही. मी केली, तुम्हीही कराल.

आमचा पहिला बीटा निगेटिव्ह आला. गोळ्या डॉक्टरांनी सांगेपर्यंत बंद करायच्या नाहीत, तेवढं लक्षात ठेवा. त्यानंतर पाळी येते, ती नेहमीपेक्षा जास्त असू शकते. पुढच्या भेटीला प्रश्न वहीत लिहून न्या: भ्रूणाची ग्रेड काय होती, गर्भाशयाचं अस्तर किती जाड होतं, पुढच्या वेळी काय बदलणार? 'नशीब' हे उत्तर मिळालं तर पुन्हा विचारा. आमचा एक भ्रूण गोठवलेला आहे, त्याचं भाडं भरून टाकलंय. ऑडिटची धावपळ संपली की तारीख घेणार आहे.