हा इशारा कोण वाचणार?

पुण्यात संगणकशास्त्र शिकवताना एक गोष्ट मला सतत खुपायची. पीएचडीचा विद्यार्थी काही वर्षं राबून एखादं टूल उभं करतो, त्यावर पेपर होतात, आणि तो पदवी घेऊन गेला की टूल तिथेच पडून राहतं. पुढे नव्या कंपायलरवर (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमवर) ते चालतसुद्धा नाही. बंगळुरूतल्या एका कंपनीच्या संशोधन विभागात जागा निघाली तेव्हा मी अर्ज केला, तो या कारणाने.

माझा विषय स्टॅटिक अ‍ॅनालिसिस, म्हणजे प्रोग्रॅम न चालवता त्यातल्या चुका शोधणं. मुलाखतीच्या दिवशी सकाळी आधी व्याख्यान. १९९६ च्या एरियान ५ रॉकेटपासून मी सुरुवात केली: ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नाही आणि उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत रॉकेट नष्ट झालं. मग राइसचं प्रमेय. प्रोग्रॅमच्या वर्तनाबद्दलच्या जवळजवळ कोणत्याही प्रश्नाचं दर वेळी अचूक उत्तर देणारी पद्धत असूच शकत नाही. म्हणून आमची टूल्स एकही चूक निसटू नये यासाठी नसलेल्या चुकांचेही इशारे देतात. ते खोटे इशारे आम्ही किती कमी केले, याचे तक्ते मी दाखवले.

शेवटी एक बाई उठल्या. त्या संशोधक नव्हत्या, पेमेंट्सचा कोड सांभाळणाऱ्या टीमच्या प्रमुख होत्या. "सर, हे इशारे आमच्यापर्यंत पोचणार कधी? रात्री सगळा कोड तपासून सकाळी यादी येणार असेल, तर ती कुणी उघडणार नाही. कोड लिहून आठवडा झालेला असतो, माणूस दुसऱ्याच कामात असतो."

फेसबुकच्या संशोधकांनी २०१९ साली 'इन्फर' या त्यांच्या टूलबद्दल हेच लिहिलं आहे. यादी करून दिलेले इशारे जवळजवळ कुणीच दुरुस्त केले नाहीत. तेच विश्लेषण कोड रिव्ह्यूच्या वेळी, म्हणजे नवा कोड स्वीकारण्याआधी सहकारी तो तपासतात तेव्हा, दाखवल्यावर ७० टक्क्यांहून जास्त इशाऱ्यांवर दुरुस्ती झाली. हा लेख मी वर्गात शिकवला होता. पण ती यादी जिच्यासमोर रोज येते, तिच्या तोंडून ते ऐकताना माझे तक्ते मला अपुरे वाटले.

नंतर कोडिंगची फेरी झाली, ठीक गेली.

दुपारी त्याच बाईंबरोबर फळ्यासमोर बसलो. रिव्ह्यूच्या वेळी उत्तर हवं, तर लाखो ओळींचा कोड दर वेळी नव्याने तपासता येत नाही. प्रत्येक फंक्शनचा, म्हणजे एकेक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याचा, सारांश साठवायचा: त्याला मेमरीत काय लागतं, ते मागे काय ठेवतं. फंक्शन बदललं आणि सारांशही बदलला, तरच त्याला बोलावणारी फंक्शन्स पुन्हा तपासायची. इन्फरचा पायाही असाच सारांशांचा आहे. पण बाईंच्या टीमच्या कोडमध्ये जिथे तिथे कॉलबॅक होते, म्हणजे एका फंक्शनच्या हाती नंतर बोलावण्यासाठी दिलेलं दुसरं फंक्शन. कोण कुणाला बोलावतं हे चालवल्याशिवाय नक्की कळत नाही, मग छोट्या बदलाचा परिणाम कुठवर जातो हे कसं ठरवायचं? ठरलेली वेळ संपली तरी आम्ही लिहीत होतो. कंपन्यांतलं संशोधन दुय्यम, असं विद्यापीठांत अजूनही ऐकू येतं. १९८१ पासून टाटांचं टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र ज्या शहरात आहे, त्या पुण्यात तरी कुणी असं म्हणू नये. त्या दुपारचा प्रश्न एखाद्या पीएचडीला पुरेल इतका खोल होता.

व्यवस्थापकांना मी दोन गोष्टी विचारल्या. पेपर छापता येतील का? येतील, पण आधी पेटंटची तपासणी आणि कायदा विभागाची परवानगी. विभागच बंद झाला तर? मायक्रोसॉफ्टने २०१४ साली सिलिकॉन व्हॅलीतली प्रयोगशाळा बंद केली होती, तिथे नावाजलेली माणसं होती. "तशी हमी मी देऊ शकत नाही," ते म्हणाले. गोड बोलून वेळ मारून नेली नाही, याचं मला बरं वाटलं.

ऑफर आली तेव्हा मी एकच अट घातली: माझ्याकडच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध पूर्ण होईपर्यंत मीच त्यांचा मार्गदर्शक राहणार. ती लेखी मिळाल्यावर मी होकार कळवला.