व्हीटस्टन ब्रिजचा एक तास, तयार साहित्यातून

एफ.वाय.बीएस्सीला व्हीटस्टन ब्रिज, म्हणजे अज्ञात रोध मोजायची चार रोधांची जोडणी, शिकवायचा म्हटलं की पीपीटी, व्हिडिओ, नोट्स सगळं आयतं मिळतं. वेळ जातो तो काटछाटीत. आमचा तास ४८ मिनिटांचा. हजेरी आणि प्रोजेक्टर मिळून सात-आठ मिनिटं खातात. उरलेल्या चाळिसात मी फळा, सहा स्लाइड आणि एक सिम्युलेशन एवढंच बसवतो.

आयत्या पीपीटी एकमेकींच्या नकला असतात, त्यामुळे चुकाही त्याच. ‘व्हीटस्टनने शोध लावला’ हे वाक्य मी आधी काढतो. ही जोडणी सॅम्युअल हंटर ख्रिस्टीने १८३३ मध्ये मांडली. व्हीटस्टनने १८४३ मध्ये ती लोकांपुढे आणली आणि श्रेय ख्रिस्टीलाच दिलं. दुसरी भानगड अक्षरांची. ओपनस्टॅक्सच्या मुक्त पुस्तकातली आकृती सुबक आहे, पण तिथे आर-एक, आर-दोन आणि अज्ञात आर-एक्स असतात, आपल्याकडे पी, क्यू, आर, एस. तशीच चिकटवली की मुलं संतुलनाचं सूत्र (पी/क्यू = आर/एस) उलटं लिहितात. आकृती पुन्हा काढायला दहा मिनिटं लागतात, ती काढावीतच. वापरण्याआधी परवान्याची ओळ वाचायची आणि स्लाइडच्या तळाशी श्रेय द्यायचं.

जुन्या मराठी नोट्स श्रीलिपी किंवा कृतीदेव या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतील तर दुसऱ्या मशीनवर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये रूपांतर केल्यावरही रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात. छोटा उतारा असेल तर मी सरळ नव्यानेच टाइप करतो.

आता मुख्य भाग. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातलं डीसी सर्किटचं सिम्युलेशन मी आदल्या दिवशी उतरवून घेतो. ती एकच एचटीएमएल फाइल असते, ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालते. कॉलेजच्या वायफायवर तास टांगून ठेवायचा नाही.

उघडल्यावर आधी दोन बदल. प्रवाह इलेक्ट्रॉनच्या रूपात दिसतो, म्हणजे फळ्यावरच्या बाणाच्या उलट. तो पारंपरिक दिशेवर आणायचा. आणि चित्ररूप घटकांऐवजी सर्किटची चिन्हं निवडायची. मग ९ व्होल्टची बॅटरी, पी १०, क्यू २०, आर १५, एस ३० ओहम. पी-क्यू एका वाटेवर, आर-एस दुसऱ्या. पी आणि क्यूमधलं जंक्शन बी, आर आणि एसमधलं डी. दोन्ही ठिकाणी ६ व्होल्ट, म्हणजे ब्रिज संतुलित.

यात गॅल्व्हनोमीटर (अगदी बारीक प्रवाह दाखवणारा मीटर) नाही, म्हणून बी आणि डीमध्ये अॅमीटर घालायचा मोह होतो. इथेच फसगत आहे. एस ३१ केला तर ब्रिज बिघडलेला असतो, पण प्रवाह जेमतेम ०.००४ अँपिअर. अॅमीटर दोनच दशांश स्थळं दाखवतो, म्हणजे ०.०० आणि वर्ग म्हणतो, ‘सर, बॅलन्स झाला!’ त्याऐवजी बी-डी मोकळं ठेवून व्होल्टमीटर लावला तर ०.०७ व्होल्ट दिसतात. एस ४० केला की ०.५५. मात्र दोन्ही एकदम लावायचे नाहीत. आदर्श अॅमीटर म्हणजे नुसती तार. ती असेपर्यंत व्होल्टमीटर शून्यच दाखवणार.

व्हिडिओ मी तीन मिनिटांपेक्षा जास्त दाखवत नाही. एनपीटेलची (आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण प्रकल्पाची) व्याख्यानं उत्तम आहेत, पण सलग लावली की मागचे बाक मोबाइल काढतात. सुरू आणि बंद करायची मिनिटं-सेकंद कागदावर लिहून ठेवतो. एचडीएमआयवरून साध्या व्हीजीए प्रोजेक्टरला जोडलं तर आवाज जात नाही, स्पीकर वेगळा न्यावा लागतो. जुना प्रोजेक्टर ४:३ चा असेल तर रुंद स्लाइड आक्रसते. अक्षरं २८ च्या खाली नकोत. सिम्युलेशनमधले मीटरचे आकडेही मागून दिसत नाहीत, ते कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावायचे.

शेवटची दहा मिनिटं संवेदनशीलतेला, म्हणजे रोध थोडा बदलला तर मीटर किती हलतो याला. आयत्या पीपीटींमध्ये ‘चारही भुजा साधारण सारख्या घ्याव्यात’ एवढंच असतं, का ते नसतं. फळ्यावर दोन जोडण्या लिहितो. पहिलीत पी, क्यू प्रत्येकी १० आणि आर, एस प्रत्येकी १२. दुसरीत पी १०, क्यू १००, आर १२, एस १२०. दोन्ही संतुलित. बॅटरी तीच. आता दोन्हींत आर फक्त एका ओहमने वाढवून १३ करायचा आणि व्होल्टमीटर बघायच्या आधी अंदाज वहीत लिहायचा. बहुतेक जण दोन्हीकडे सारखंच लिहितात. पहिलीत येतात ०.१८ व्होल्ट, दुसरीत ०.०६. मग प्रॅक्टिकलला मीटर ब्रिजवर (एक मीटर तारेच्या व्हीटस्टन ब्रिजवर) जॉकी, म्हणजे तारेवर सरकवायचं टोक, मध्याजवळ का आणायची, हा प्रश्न बॅच स्वतःच विचारते.