30 सेंटचा बुधला

अमेरिकेत ॲन आर्बरला, मिशिगन विद्यापीठाच्या गावी, राहायला आल्यावर पहिल्याच शरद ऋतूत कळलं की शनिवारी सामना असेल तर किराणा शुक्रवारीच आणून टाकायचा. एक लाखाहून जास्त माणसं एका स्टेडियमात जायला निघाली की गावात गाडी हलत नाही. आषाढीला पंढरपुरात काय होत असेल ते इथे निळ्या-पिवळ्या टोप्यांत बघायला मिळतं. आणि हे कशासाठी, तर कॉलेजच्या पोरांच्या सामन्यासाठी! शिवाय खेळाचं नाव फुटबॉल, आणि चेंडूला पाय लागतो तो अधूनमधून.

शेजारच्या आजोबांनी मला हा खेळ शिकवायचं मनावर घेतलं, पण सुरुवात नियमांपासून न करता 1903 पासून केली. आपल्याकडे कुणी 83 च्या विश्वचषकापासून क्रिकेट शिकवावं तसं.

फील्डिंग योस्ट हे तेव्हा मिशिगन विद्यापीठाचे प्रशिक्षक. ते 1901 साली आले आणि पहिल्या मोसमात संघाने 550 गुण केले. समोरच्यांचे सगळे मिळून शून्य! पुढचं वर्षही न हरता गेलं. चेंडू पुढे फेकायची परवानगी तेव्हा नव्हती, ती 1906 साली मिळाली. तीन प्रयत्नांत पाच यार्ड सरकायचं, म्हणजे निव्वळ रेटारेटी. मला तरी ते वर्णन ऐकून कबड्डीच आठवली, फक्त दम न घेता ‘कबड्डी कबड्डी’ म्हणायची सक्ती नाही.

31 ऑक्टोबर 1903 ला हा संघ मिनीॲपोलिसला गेला. तिथला मिनेसोटा विद्यापीठाचा संघही तितकाच दांडगा. आपल्या खेळाडूंच्या पाण्यात तिथले लोक काहीतरी कालवतील अशी योस्टना धास्ती, म्हणून त्यांनी विद्यार्थी व्यवस्थापक टॉमी रॉबर्ट्सला पाण्यासाठी भांडं आणायला पिटाळलं. त्याने 30 सेंटला एक जग आणला. जग म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर स्टीलचा येतो, पण हा होता भाजक्या मातीचा, अरुंद तोंडाचा, कान असलेला. आमच्या आजीकडे तेलाचा बुधला होता, अगदी त्याच घाटाचा.

मिशिगन 6-0 ने पुढे होतं. टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेण्याला, तेव्हा पाच गुण आणि वर एक किकचा. अगदी शेवटी मिनेसोटाने बरोबरी साधली आणि प्रेक्षक सरळ मैदानात घुसले. दोन मिनिटं शिल्लक होती, पण त्या गर्दीत खेळणार कोण? सामना तिथेच थांबवला, 6-6. मिशिगनचा तो मोसम 565 विरुद्ध 6 असा संपला. वर्षभरात खाल्लेले गुण एवढेच, त्या एका दुपारचे.

त्या गडबडीत बुधला तिथेच राहिला. मिनेसोटाच्या ऑस्कर मुन्सन नावाच्या कर्मचाऱ्याला तो सापडला. मग त्यांनी त्यावर रंगाने लिहिलं, ‘मिशिगनचा जग, ऑस्करने पकडला’, खाली सामन्याची तारीख आणि गुण. गुण दोघांचे सारखेच, पण मिनेसोटाचा सहा भला मोठा आणि मिशिगनचा बारीकसा! मला हा खोडसाळपणा फार आवडला. आजोबांना अजून तो आवडत नाही.

योस्टनी बुधला परत मागितला तेव्हा ‘हवा असेल तर जिंकून न्या’ असं उत्तर आलं म्हणे. रॉबर्ट्स मात्र म्हातारपणी सांगत होता की विसरलोबिसरलो नाही, काम झालं म्हणून मुद्दाम सोडून आलो. काहीही असो, पुढची गाठ पडायला 1909 साल उजाडलं. मिशिगनने 15-6 ने जिंकून तो परत आणला. दोन्ही विद्यापीठं आजही त्याच्यासाठी भांडतात.

त्याला सगळे ‘लिटल ब्राउन जग’ म्हणतात. पाच गॅलनचा, म्हणजे जवळपास 19 लिटरचा, त्यामुळे लिटल नाहीच. आणि अर्धा निळा, अर्धा किरमिजी रंगवून वर इतक्या वर्षांचे गुण लिहिलेत, तेव्हा ब्राउन शोधायचं कुठे?