आयर्विन पुलावरचे आकडे आणि आमच्या दारामागचा फळा

गेल्या पावसाळ्यात एका बुधवारी, पाऊस वाढल्यामुळे शाळा अकरा वाजताच सुटणार असल्याचा निरोप वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी आला. तो मी वाचला, त्यावर अंगठा दाखवला, 'पावणेअकराला निघायचे' असे मनाशी म्हटलेही. आणि मग कुकरची शिट्टी, सिलिंडर घेऊन आलेला माणूस आणि कामाचा एक फोन यांच्या गर्दीत तो निरोप डोक्यातून पार पुसला गेला. पावणेबाराला शाळेतून फोन आला. सांगलीतल्या विश्रामबागहून स्कूटीवर मी पोहोचले, तेव्हा माझा आठ वर्षांचा मुलगा फाटकाजवळच्या बाकावर रेनकोटची टोपी ओढून, दप्तर मांडीवर घट्ट धरून बसला होता आणि शिपाईकाकांना समजावत होता, "आईची मीटिंग असणार. मीटिंग असली की तिला फोन बघता येत नाही."

मीटिंग नव्हती, आणि ते त्यालाही ठाऊक असावे. तो रडला असता तर मी त्याला जवळ घेतले असते. पण त्याने माझी बाजू सावरली, आणि आठव्या वर्षी त्याला ते करावे लागले, हे मला सोसवले नाही.

तेव्हा माझ्या एडीएचडीचे, म्हणजे लक्ष टिकवणे आणि चंचलता आवरणे जड जाणाऱ्या विकाराचे, निदान होऊन वर्ष उलटले होते, पण ते मी त्याला सांगितले नव्हते. निदानही त्याच्यामुळेच झाले. पहिलीत असताना त्याच्या बाईंनी सुचवले म्हणून आम्ही त्याला मिरजेला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. त्याच्याबद्दलचे प्रश्न विचारता विचारता डॉक्टरांनी माझ्या लहानपणाविषयी विचारायला सुरुवात केली, आणि उत्तरे देताना माझा आवाज बदलत गेल्याचे मला जाणवले. जुळ्या भावंडांवर झालेल्या अभ्यासांतून या विकारात आनुवंशिकतेचा वाटा साधारण ७० ते ८० टक्के दिसतो. याचा अर्थ इतक्या टक्के मुलांना तो आईवडिलांकडून होतोच असा नाही. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्याचा बराच भाग जनुकांकडे जातो, एवढाच आहे. माझे वडील एसटीत छत्र्या विसरत, आणि घरी त्यांना विसरभोळे म्हणत. ते आता नाहीत. त्यांच्याबद्दल काही ठरवण्याचा मला अधिकार नाही, पण त्यांची फार आठवण येते.

माझे निदान छत्तिसाव्या वर्षी का झाले, याचे उत्तर शाळेतल्या माझ्या बाकावर आहे. मी वर्गात कधी उठून पळाले नाही. मी खिडकीबाहेर बघत बसत असे, आणि प्रगतिपुस्तकात 'हुशार आहे, लक्ष देत नाही' असा शेरा दरवर्षी येई. चंचल मुलगा सगळ्यांना दिसतो, हरवलेली मुलगी कोणाला त्रास देत नाही, म्हणून ती दिसत नाही. निदानाचे निकषही पूर्वी तोकडे होते: लक्षणे वयाच्या ७ वर्षांपूर्वी दिसायला हवीत ही अट २०१३ मध्ये आलेल्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदानपुस्तिकेने १२ वर्षांपर्यंत वाढवली, आणि १७ वर्षे व त्यापुढील व्यक्तींसाठी नऊपैकी सहाऐवजी पाच लक्षणे पुरेशी मानली.

या विकारात बुद्धी कमी नसते. हातातले काम करताना पुढच्या दोन गोष्टी धरून ठेवणारी जी कार्यस्मृती असते, ती लवकर सांडते, वेळेचा अंदाज चुकतो आणि भावनेला लगाम घालायला उशीर होतो. आता आपल्याकडे आईकडून काय अपेक्षा असते ते पाहावे. लसीची तारीख, पीटीचा गणवेश, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, दूधवाल्याचा हिशेब, कोणाच्या घरी कोणते कार्य, या सगळ्याची वही म्हणजे घरची बाई. जे माझ्या मेंदूला सर्वांत जड जाते, नेमके तेच काम बायकांना जन्मतः येते असे आपण धरून चालतो. "अगं, घरचे बाईने लक्षात ठेवायचे नाही तर कोणी?" असे सासूबाईंनी मला विचारले होते; त्यात राग नव्हता, खरोखरीचे कुतूहल होते, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

औषधाने मला मदत झाली. मला दिलेले मिथाइलफेनिडेट हे शेड्यूल एक्समधील, म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या यादीतले, औषध आहे. त्यासाठी चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, एक दुकानदार ठेवून घेतो, आणि तसा परवाना नसलेल्या दुकानात ते मिळत नाही. औषधाने लक्ष टिकते. पण संध्याकाळी, त्याचा असर उतरलेला असताना, मिक्सर, टीव्ही आणि गृहपाठाचे प्रश्न एकदम कानावर येतात, तेव्हा मी ओरडते. अजूनही. फरक इतकाच पडला आहे की, आता मी गॅस बंद करून गॅलरीत जाते आणि परत येऊन त्याच्याशेजारी बसून "माझे चुकले" असे म्हणते.

खरी मदत मला कृष्णा नदीने केली. सांगलीत पावसाळ्यात कोणी 'पाणी वाढेल का' असे विचारत बसत नाही. जो तो 'किती फूट झाले?' असे विचारतो. आयर्विन पुलाजवळची ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी लहान मुलांनाही पाठ असते, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले तो आकडा कोणी विसरलेले नाही. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर इथली माणसे आकडा बघून सामान वरच्या मजल्यावर नेतात. पाण्याचा अंदाज डोक्यात ठेवायची जबाबदारी कोणा एकावर नसते. तो आकडा सगळ्यांना दिसतो.

त्या बुधवारी संध्याकाळी मी मुलाला समोर बसवले. माझ्या डोक्यात गोष्टी ठेवायची फळी अरुंद आहे, नवी वस्तू ठेवली की जुनी खाली पडते, आणि यात तुझा काहीच दोष नाही, असे सांगितले. "माझीपण अरुंद आहे?" त्याने विचारले. "तुझीपण," मी म्हणाले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग आपण भिंतीवर मोठी करू या."

दाराच्या मागे पांढरा फळा लागला. मोबाइलमधले स्मरणपत्र मी हाताने सरकवून टाकते, दार मात्र ओलांडावेच लागते. स्कूटीची किल्ली आता रात्रीपासून मुलाच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यात असते. डबा भरायला घेतल्याशिवाय ती सापडत नाही, आणि डबा ओट्यावर विसरणे थांबले आहे. सासूबाईंनी आधी फळ्याकडे दुर्लक्ष केले, मग महिन्याभराने स्वतःच्या गोळ्याही त्यावर लिहायला सांगितल्या.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा त्याने फळ्याच्या कडेला खालून वर रेघा मारल्या. सातच्या रेघेपुढे '४० इशारा', सव्वासातच्या रेघेपुढे '४५ धोका' असे लिहिले. शाळा सात चाळीसची आहे. आज सकाळी मी कपाटात भलतेच काहीतरी शोधत बसले होते. बूट घालता घालता त्याने दारातून हाक मारली, "आई, बेचाळीस फूट झाले!"

कपाट उघडेच ठेवून मी डबा भरायला घेतला.