लोगोचे टाके आणि कोटेशनमधला एकच आकडा

मशीन एम्ब्रॉयडरीचा भाव हजार टाक्यांवर ठरतो. टाके मोजायचे, हजाराने भागायचं, दराने गुणायचं. घोडं अडतं ते एकाच ठिकाणी. नेमके टाके किती ते पंचिंग झाल्यावरच कळतं. (पंचिंग म्हणजे चित्रावरून मशीनला कळेल अशी टाक्यांची फाइल बनवणं.) आणि गिऱ्हाईक भाव ऐकल्याशिवाय पंचिंगचे पैसे काढत नाही. ब्लाउजच्या बाहीचं काम असलं तर समोरासमोर निभतं, दहावीस रुपये इकडेतिकडे. संस्थेचं काम आलं की लेखी द्यावं लागतं.

सांगलीतल्या एका शाळेचे १५० ब्लेझर होते. खिशावर ७ सेंटीमीटरचा गोल लोगो. कापड, धाग्याचे रंग, सॅम्पलचा तुकडा, सगळं पटापट झालं. पुढे ऑफिसमध्ये कोटेशन अडकलं ते अडकलंच.

पहिल्यांदा लोगोच मिळेना. व्हॉट्सअ‍ॅपवर आला तो गेटच्या कमानीचा फोटो, वर विजेची तार आडवी गेलेली. "भाऊसाहेब, मूळ फाइल नाही का?" तर म्हणाले, "मॅडम, हाच लोगो आहे की." शेवटी मी लेटरहेडचा एक कोरा कागद मागून घेतला. तुम्हीही तेच करा, लेटरहेडवरचा लोगो कमानीपेक्षा कधीही स्वच्छ असतो.

मग अंदाज काढायला बसले. लोगो खऱ्या मापात प्रिंट केला आणि वर आलेखाचा ट्रेसिंग पेपर ठेवला. साटीन, म्हणजे पट्टीसारखा टाका, लांबीवर मोजायचा. दर ०.४ मिलिमीटरला सुई एकदा जाते आणि एकदा येते, म्हणजे एका सेंटीमीटरला ५० टाके. खालचा आधाराचा टाका धरून मी ६० लावते. पट्टी २ मिलिमीटर रुंद असो की ४, टाके तेवढेच, धागा मात्र जास्त जातो. बाहेरचं कडं २२ सेंटीमीटर भरलं, आतलं १६ च्या आत. दोन्ही मिळून २,३०० टाके. भराव, म्हणजे टाक्यांनी भरून काढायची जागा, मात्र क्षेत्रफळावर. काही जण चौरस इंचाला सरसकट २,००० टाके धरतात, पण तो गच्च कामाचा आकडा. माझ्या फाइलींमध्ये १,३०० च्या आसपास पडतो. मधली समई आणि पुस्तक दोन चौरस इंच, म्हणजे २,६००. दोन कड्यांमधला निळा पट्टा जवळजवळ तीन चौरस इंच, म्हणजे ३,८००. किरणांचे ४००.

राहिली अक्षरं. पाव इंच उंचीच्या अक्षराला १०० टाके हा ठोकताळा इंग्रजी अक्षरांचा, मराठीला तो पुरत नाही. शिरोरेषा आहे, काना आहे, वेलांटी वर चढते, उकार खाली उतरतो, जोडाक्षराचं तर बोलूच नका. सहा मिलिमीटरच्या 'म'चे सगळे फटकारे सरळ करून मोजले तर सव्वादोन सेंटीमीटर भरतात. मी अक्षराला १४० धरते. संस्थेच्या नावात २६ अक्षरं, म्हणजे ३,६०० च्या वर. सगळी बेरीज पावणेतेरा हजारांच्या आसपास. मी लिहिलं, "टाके १२,००० ते १३,५००, बिल प्रत्यक्ष फाइलप्रमाणे."

भाऊसाहेबांनी ती ओळ वाचली आणि कागद परत सरकवला. "असं चालत नाही. कोटेशनमध्ये एकच आकडा लागतो."

मी म्हटलं, आकडा एकच हवा असेल तर आधी पंचिंग करू, त्याचे पैसे द्या. तर पंचिंगला मंजुरी लागते आणि मंजुरीला कोटेशन लागतं. पंचिंग करणारा मुलगा इचलकरंजीचा, तोही आगाऊ पैशाशिवाय माउस हलवत नाही. त्याचंही चूक नाही, फाइल गेली की कुणी परत फोन उचलत नाही. मी आपली मधे उभी. ऑफिसातल्या बाकावर बसून मी संस्थेच्या सगळ्या माजी अध्यक्षांचे फोटो पाठ केले.

त्यातच दुसऱ्या कुणीतरी ७,००० टाक्यांचं कोटेशन दिलेलं. "त्यांचे सात हजार आणि तुमचे तेरा, हे कसं मॅडम?" आता सात हजारांत हा लोगो बसवायचा म्हणजे निळा पट्टा भरायचाच नाही आणि बाकीचं काम विरळ करायचं, खालून कापड दिसेल असं. पण त्यातली पहिली गोष्ट मला पटली. ब्लेझरच निळा आहे, मग निळ्यावर निळा भराव कशाला? पट्टा मोकळा सोडला तर ३,८०० टाके वाचतात आणि खिसाही मऊ राहतो. मी तसं सुचवलं. उत्तर आलं, "लोगोत बदल करायचा तर सचिवांची सही लागेल." सचिव बाहेरगावी. आले तेव्हा मीटिंग. मीटिंग झाली तेव्हा भाऊसाहेब रजेवर. बदल काय, तर कापडाचा निळा रंग धाग्याऐवजी कापडानेच दाखवायचा!

सही झाली. त्या दिवशी हरभट रोडवर थांबून मी एकटीने भेळ खाल्ली.

कोटेशन मग असं दिलं: पंचिंग, एकदाच, वेगळी ओळ. भरतकाम प्रति नग, ९,५०० टाक्यांपर्यंत. "पर्यंत" हा शब्द भाऊसाहेबांनी चालवून घेतला, आकडा एकच होता ना. तुम्हीही वरचा आकडा घाला आणि "पर्यंत" लिहा. सोबत लोगोचं माप मिलिमीटरमध्ये आणि कापडाचं नाव लिहा. टी-शर्टचं ताणलं जाणारं कापड असेल तर आधाराचे टाके आणि मागचा पेपर दोन्ही वाढतात, तोच दर लागू पडत नाही.

फाइल आली ती ९,१०० च्या थोडी खाली. फाइल खरी किती टाक्यांची आहे हे पंचिंगवाल्याच्या तोंडावर सोडू नका. पंचिंगवाला मशीनसाठी देतो ती डी.एस.टी. फाइल कॉम्प्युटरवर नोटपॅडमध्ये उघडा. खाली सगळी अगम्य चिन्हं दिसतील, पण सुरुवातीलाच इंग्रजी एस टी या अक्षरांपुढे टाक्यांचा आकडा असतो आणि सी ओ पुढे रंगबदलांचा. सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही.

आणि हो, टाके म्हणजे वेळ नव्हे. मशीनवर मिनिटाला १,००० टाक्यांचा वेग लिहिलेला असतो, बारीक अक्षरांना मी ७०० वरच चालवते. ९,१०० टाक्यांना १३ मिनिटं, त्यात धागा कापणं, रंग बदलणं, फ्रेम लावणं धरलं की एका ब्लेझरला १८ ते २०. अक्षरं सुटी असली की प्रत्येकानंतर धागा कापला जातो, आणि त्या कापण्याचा टाका कुणी मोजत नाही. मी दरात तो वेळ धरते. छोट्या ऑर्डरला किमान रक्कम लावते, मग टाके दोन हजार असले तरी.

परवा भाऊसाहेबांचा फोन होता. तोच लोगो टोपीवर हवाय, दर तोच ना? टोपीला माझ्या फ्रेमवर ५ सेंटीमीटरच्या वर उंची नीट बसत नाही. लोगो तेवढा केला की अक्षरं चार मिलिमीटरवर येतात, वेलांट्या बुजतात. म्हणजे नाव काढून नुसती समई आणि पुस्तक करावं लागेल. पंचिंग नवं. मी म्हटलं, करून देते, फक्त सचिव गावात आहेत का तेवढं आधी बघा.