रिसीव्हर लॉग ६ : ८० हर्ट्झचा खड्डा बुजला

मंडळी, माझ्या होम थिएटरच्या ग्राफमधला तो खड्डा, म्हणजे ८० हर्ट्झपाशी खर्जाची पातळी एकदम पडायची ती जागा, काल रात्री पावणेबाराला बुजला. १४ डीबीचा (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) होता, आता जेमतेम ४ उरलाय. दोन आठवडे मी रिसीव्हरच्या (सगळे स्पीकर चालवणारा डबा) मेनूत उत्तर शोधत होतो. ते निघालं सोफ्याच्या मागच्या भिंतीत.

सेटअप तोच : डेनॉन एक्स१७००एच रिसीव्हर, ८८ डीबी संवेदनशीलतेचे बुकशेल्फ (छोटे) स्पीकर, १० इंची सब (सबवूफर, खर्जाचा स्पीकर), १४ बाय ११ फुटांचा हॉल. फ्रंट (समोरचे स्पीकर) मेनूत ‘स्मॉल’, म्हणजे खर्ज सबकडे; क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झ, ऑडिसीच्या (माइकने खोली मोजून आवाज जुळवणारी रिसीव्हरची सोय) आठही जागा नीट मोजलेल्या. तरी आरईडब्ल्यूत (आवाज मोजून ग्राफ काढणारं सॉफ्टवेअर) ७६ ते ८६ हर्ट्झच्या मध्ये सरळ दरी. ती कानालाही कळत होती. गणपतीत आमच्या ढोलपथकाचं रेकॉर्डिंग केलं होतं, ते मी दरवेळी लावतो. त्यात टिपरू पडल्याचा आवाज स्वच्छ यायचा, पण मागचा घुमारा गायब. पान सैल पडलेला ढोल वाजतोय असं वाटायचं. मी ज्या ढोलाशेजारी उभा होतो त्याचा आवाज मला पाठ आहे, त्यामुळे हे फार लागायचं.

पहिला संशय फेजवर होता, म्हणजे सब आणि फ्रंटच्या लाटा एकदम चढतात-उतरतात की नाही यावर. टेपने सब ९.५ फुटांवर आणि ऑडिसीने १३ फूट धरलेलं. हा फरक पाहून घाबरू नका. सबच्या आतल्या सर्किटचा डिले (उशीर) त्यात धरलेला असतो, तिथे टेपचा आकडा भरायचा नसतो. पण क्रॉसओव्हरपाशी सब आणि फ्रंट जुळवायला हा आकडा हलवता येतो, म्हणून १० पासून १७ पर्यंत एकेक फूट सरकत गेलो आणि प्रत्येक वेळी स्वीप (खालून वर सरकत जाणारा चाचणीचा आवाज) घेतला. खड्डा फार तर ३ डीबीने हलला. सबवरचा फेज १८० अंश, म्हणजे उलटा केला, तर १०० हर्ट्झपाशी नवीनच खड्डा. तीन संध्याकाळी यात गेल्या.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं : फ्रंटच्या वायरी काढून एकटा सब मोजला, आणि सब बंद करून एकटे फ्रंट. दोन्ही ग्राफमध्ये खड्डा त्याच जागी! म्हणजे हे एकमेकांना मारत नव्हते, दोघांनाही खोलीच मारत होती.

टेप काढली. कानापासून मागची भिंत ३.५ फूट. आता हिशोब बघा. ८० हर्ट्झची तरंगलांबी साधारण १४ फूट. आवाज कानावरून पुढे जातो, भिंतीवर आपटून परत येतो, म्हणजे ७ फूट जास्तीचे, म्हणजे बरोबर अर्धी लांबी. मूळ लाट वर जाताना परतलेली खाली. त्यात हॉलची लांबीही १४ फूट, म्हणजे लांबीचा दुसरा मोडही (दोन भिंतींमध्ये अडकून घुमणारी लाट) ८० लाच, आणि त्याचा शून्यबिंदू, जिथे ती लाट ऐकूच येत नाही, भिंतीपासून पाव अंतरावर, पुन्हा ३.५ फूट. मी नेमका त्या बिंदूवर कान ठेवून बसत होतो, आणि क्रॉसओव्हरही तिथेच लावलेला.

इक्यूने (ठरावीक हर्ट्झचा आवाज चढवणारी-उतरवणारी सोय) हे भरत नाही, यावर इथे अनेकदा वाद झालाय, म्हणून ठामपणे लिहितो. ८० ला उचल दिली की परतणारी लाटही तेवढीच उचलली जाते. खड्डा जागच्या जागी राहतो आणि अँप मात्र दमतो, कारण १० डीबी म्हणजे १० पट वॉट.

सोफ्यामागे दोन कापसाच्या गाद्याही उभ्या करून पाहिल्या. टाळी वाजवली की जो खणखणाट यायचा तो गेला, संवाद इतके सुटे झाले की गाद्या तिथेच राहणार आहेत. पण ८० वर शून्य परिणाम, ४ इंचाच्या जाडीला १४ फुटी लाट दाद देत नाही. सोफा दीड फूट पुढे ओढला तर खड्डा ५६ च्या आसपास सरकला, शिवाय आईला कपडे वाळत घालायला बाल्कनीत जाता येईना. मागे भिंतीला टेकवला तर ४० हर्ट्झ नुसता घोंघावतो.

शेवटी सबच उचलला आणि सोफ्याच्या डाव्या हाताशी ठेवला, कानापासून ३ फुटांवर. इतक्या जवळून येणाऱ्या थेट आवाजापुढे भिंतीवरून परतणारी लाट दुबळी पडते. एकट्या सबचा खड्डा जवळपास गेला. पण फ्रंटसकट मोजल्यावर अजून ७ डीबी, कारण ८० पाशी फ्रंटही बोलत होते. तेव्हा सुचलं : क्रॉसओव्हर १००! म्हणजे ८० चं काम जवळच्या सबकडे. पंखे आणि फ्रिज बंद करून ऑडिसी नव्याने चालवलं, १०० लावलं, स्वीप घेतला : ४ डीबी. ११० वर बातमीदाराचा आवाज डावीकडे ओढला गेल्यासारखा वाटला, १०० वर नाही. तिथेच थांबलो. मग ढोल लावला. घुमारा छातीत आला. सलग तीनदा ऐकलं.

रिसीव्हरची पॉवर पुरते का, असं दोघांनी विचारलं होतं. डब्यावरच्या मोठ्या आकड्याकडे बघू नका. दोन चॅनेल, ८ ओहम, २० ते २० हजार हर्ट्झ, असा ८० वॉटचा आकडा खरा. मी मास्टर व्हॉल्यूम -१५ वर ऐकतो, तिथे माझ्या अंतरावर आवाजाच्या शिखरालाही साधारण १० वॉट लागतात. या हॉलला पुरून उरतो.

स्पीकरच्या वायरीचं मात्र सांगतोच. ऑनलाइन मागवलेली ‘शुद्ध तांबं’ म्हणणारी १४ गेज ब्लेडने खरवडली तर आत पांढरी निघाली : तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन रिळावरून डोळ्यांसमोर कापून घ्या, हातातलं वजनच खरं काय ते सांगतं.

पुढे समोरच्या भिंतीला दुसरा सब लावायचा बेत होता. पण एक्स१७००एचचे दोन्ही सब-आउट एकच सिग्नल देतात, वेगळा डिले हवा तर मिनीडीएसपी (प्रत्येक सबचा डिले वेगळा ठरवणारा डबा) घ्यावा लागला असता. हे लिहितानाच लक्षात आलं : दुसरा सब सोफ्याच्या उजव्या हाताशी, तेवढ्याच ३ फुटांवर ठेवला तर वेगळा डिले लागतोच कशाला? डावीकडे ओढ लागायचा प्रश्नही सुटेल, कदाचित ११० सुद्धा चालेल. उजवीकडचा दिवाण हलवावा लागेल. शनिवारी मित्राचा १० इंची आणतोय. एकटा डावा, एकटा उजवा आणि दोन्ही, असे तीन ग्राफ टाकतो.