झाड जगवायचं ते मे महिन्यात

चोपडा तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत पहिल्या वर्षी जुलैमध्ये साठ रोपं लावली. गावकरी जमले, फोटो काढले, माहिती भरून वर पाठवली. दिवाळीपर्यंत सगळं हिरवंगार होतं. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पाच जिवंत होती. पाचवीतली एक मुलगी आपल्या वाळलेल्या काडीपाशी बराच वेळ उभी राहिली. तिला काय सांगावं, मला सुचेना.

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या घरात जातो. काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यात कोवळी मुळं तुटतात. आणि नेमकी तेव्हाच शाळेला सुट्टी. उरलंसुरलं शेळ्या खातात.

मग ठरवलं, वर्षभर लावणीच करायची नाही. आधी रोपं मुलांच्या हातून तयार करायची. शाळा सुरू होते तेव्हा निंबाखाली निंबोळ्यांचा सडा असतो. निंबाचं बी फार दिवस टिकत नाही, साठवून ठेवलं तर उगवत नाही. म्हणून मुलांनी गर धुवून, बी सावलीत सुकवून आठवड्याच्या आत लावलं. बाभळीच्या बियांवर उकळतं पाणी ओतून रात्रभर तसंच ठेवलं. बहाव्याचं बी तर दगडासारखं. ते फरशीवर एका बाजूने घासावं लागलं. माती, नदीची वाळू आणि शेणखत समभाग, आणि घरोघरच्या दुधाच्या रिकाम्या पिशव्या. पहिल्या खेपेला पिशव्यांना भोकं पाडायला विसरलो, पाणी साचलं आणि बरंच बी कुजलं. पुन्हा भरल्या. दहा-बारा दिवसांनी तिसरीतला एक पोरगा वर्गात धावत आला, "सर, निंबले कोंब उना!" त्या दिवशी गणिताचा तास झाला नाही.

वर्षभर रोपं शाळेच्या निंबाच्या सावलीत ठेवली. महिन्या-दोन महिन्यांनी पिशव्या जागेवरून हलवायच्या, नाहीतर मुळं खाली जमिनीत शिरतात आणि उचलताना तुटतात. हे मला एका म्हाताऱ्या माळीबाबांनी सांगितलं. मे महिन्यातही एकाच ठिकाणी पाणी द्यायचं असल्याने हापशीजवळची चार घरं पुरली.

खड्डे एप्रिलमध्येच खणले, दोन फूट लांब, रुंद आणि खोल, उन्हाने तापू दिले. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करून कुंपणाच्या आतली जागा ठरवली. पावसाने जोर धरल्यावर कमरेएवढी झालेली चाळीस रोपं लावली. भोवती पऱ्हाट्यांचं, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचं, कुंपण केलं, पण पावसाळ्यातच त्याला वाळवी लागली. मग बोरीच्या काट्या आणल्या. बुडाशी केळीच्या वाळक्या पानांचा जाड थर. केळीबागवाल्यांनी ती आनंदाने दिली.

खरी कसोटी पुन्हा मेचीच होती. कुंभारदादांनी विकता न येणारे, चिरलेले नाहीत पण वेडेवाकडे झालेले माठ दिले. बुडाला बारीक भोक, त्यात सुती चिंधीची वात, आणि माठ रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरलेला. एकदा भरला की तीन-चार दिवस ओल राहते. मुलांच्या जोड्या लावल्या: प्रत्येक जोडीला दोन झाडं, पाणी सकाळी आठच्या आत किंवा दिवस मावळल्यावर. भर उन्हात एकाही लेकराला पाठवायचं नाही, हे मी पालकसभेत दोनदा बजावलं. लग्नसराईत जोड्या गावाला जायच्या, तेव्हा शेजारची जोडी भरायची. कुणी भरलं ते शाळेच्या भिंतीवर खडूने लिहायचं.

गेल्या जूनमध्ये मोजली तेव्हा चाळीसपैकी एकतीस उभी होती. ती पाचवीतली मुलगी आता सातवी पास होऊन हायस्कूलला गेली. तिचा बहावा माझ्या खांद्याला लागतो. या मेमध्येही तिचं नाव भिंतीवर खडूने लिहिलेलं होतं, दर चौथ्या दिवशी.